लहान ट्रॅक्टरसाठी इंजिन ऑइल व हायड्रॉलिक ऑइल : निवड आणि निगा

कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद ही हिंगोली जिल्ह्यातील प्रमुख पिके होत. वसमत तालुक्यातील हळदीचे गादीवाफे असोत किंवा कळमनुरी व सेनगाव तालुक्यांतील कापसाच्या ओळी असोत, पिकाला धक्का न लावता दोन ओळींमधून जाऊ शकेल अशा लहान डिझेल ट्रॅक्टरची शेतकऱ्याला मोठी सोय झाली आहे. साधारणतः १५ ते ३० अश्वशक्तीचे हे ट्रॅक्टर कोळपणी, फवारणी, रोटाव्हेटर, पेरणी आणि ट्रॉलीची ने-आण अशी नाना कामे करतात.

या जिल्ह्यातील बरीचशी जमीन काळी व भारी आहे. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला म्हणजे पेरणीस मोजकेच दिवस मिळतात. जमीन फार ओली असता ट्रॅक्टर आत घालता येत नाही आणि वाफसा उडाल्यावर बियाणे नीट उगवत नाही. अशा ऐन वेळी ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा राहिला तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही; त्यात हंगामच हातचा जाण्याचा धोका असतो. इंजिन निकामी होण्याची किंवा लिफ्ट उचलेनाशी होण्याची कारणे पाहू गेल्यास त्यांत चुकीचे, अपुरे किंवा वेळेवर न बदललेले ऑइल हे एक वारंवार आढळणारे कारण होय. ते टाळणे शेतकऱ्याच्या हातात आहे. त्यासाठी ऑइलची निवड रंग, दाटपणा किंवा शेजाऱ्याचा सल्ला यांवरून न करता, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील अंक व अक्षरे डब्यावरील अंक व अक्षरांशी ताडून करावी, हे एक सूत्र पाळले तरी पुष्कळ काम होते. या अंकाक्षरांचा अर्थ काय, हे पुढे सांगितले आहे.

दोन ऑइले, दोन निरनिराळी कामे

इंजिनात पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर दर मिनिटास हजारो वेळा वर-खाली घासत असतो. या दोहोंमध्ये ऑइलचा पातळ पापुद्रा टिकून राहिला तरच धातू धातूस लागत नाही. वंगण पुरविण्याखेरीज इंजिन ऑइलला आणखीही कामे असतात. पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता ते वाहून नेते, डिझेल जळताना होणारी काजळी ते आपल्यात धरून ठेवते, ज्वलनातून निर्माण होणाऱ्या आम्लाचा परिणाम ते मारते आणि आतील भागांना गंज चढू देत नाही. ही कामे निव्वळ खनिज तेलाने होत नाहीत. त्यासाठी कारखान्यात त्यात निरनिराळी रसायने मिसळलेली असतात.

हायड्रॉलिक ऑइलचे मुख्य काम बळ वाहून नेण्याचे आहे. द्रव पदार्थ दाबला तरी तो जवळजवळ आकसत नाही. म्हणून पंपाने निर्माण केलेला दाब ऑइलमार्फत लिफ्टच्या पिस्टनपर्यंत पोहोचतो आणि मागील औजार उचलले जाते. या ऑइलला काजळीशी झुंजावे लागत नाही. परंतु फेस न येणे, शिरलेली हवा चटकन सोडणे, पंपाची झीज होऊ न देणे आणि आतील रबरी सीलांना इजा न करणे हे गुण त्यात असावे लागतात. पंपाच्या फिरत्या भागांतील फट माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्यामुळे मातीचा बारीक कणही तेथे कानशीप्रमाणे काम करतो.

यावरून एका ऑइलच्या जागी दुसरे का चालत नाही, हे ध्यानात येईल.

डब्यावरील अंकांचा अर्थ

इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘एस.ए.ई. १५ डब्ल्यू-४०’ किंवा ‘२० डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते. हे अंक ऑइलच्या दाटपणाचे, म्हणजेच श्यानतेचे वर्ग होत. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ते ठरविले असून जगभर तेच वापरले जातात. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे, म्हणजे थंडीचे निदर्शक आहे. त्याच्या आधीचा अंक ऑइल थंडीत किती सुलभतेने हलते ते सांगतो, तर नंतरचा अंक इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती उरतो ते दाखवितो. ४० या वर्गाच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअस तापमानास १२.५ सेंटिस्टोकहून कमी नसावा व १६.३ च्या आत असावा, असा नियम आहे. साध्या तापमानाच्या पाण्याचा दाटपणा सुमारे १ सेंटिस्टोक असतो, हे तुलनेसाठी लक्षात घ्यावे.

१५ डब्ल्यू वर्गाच्या ऑइलची थंडीतील चाचणी शून्याखाली २० अंशांवर आणि २० डब्ल्यू वर्गाची शून्याखाली १५ अंशांवर घेतात. हिंगोलीत कडाक्याच्या थंडीतही पहाटेचा पारा एवढा खाली कधीच जात नाही. तेव्हा पुस्तिकेत दोन्ही वर्ग मान्य असतील तर येथे त्यांपैकी कोणताही वापरण्यास हरकत नाही. १५ डब्ल्यू-४० चा लाभ एवढाच की, सकाळी इंजिन सुरू होताच ते वरच्या भागांपर्यंत थोडे लवकर पोहोचते. उन्हाळ्यात येथील तापमान ४२ अंशांच्या वर जाते. त्या दृष्टीने नंतरचा अंक अधिक महत्त्वाचा असून पुस्तिकेत सांगितल्याहून पातळ वर्गाचे ऑइल घालू नये.

‘ऑइल जितके दाट तितके इंजिन सुरक्षित’ अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. प्रमाणाहून दाट ऑइल अरुंद मार्गांतून वेळेवर पुढे सरकत नाही, थंड इंजिनाची झीज वाढविते आणि पंप फिरविण्यात डिझेलही अधिक खर्ची पडते.

अक्षरांचा अर्थ

अंकांनी दाटपणा कळतो, परंतु ऑइलची प्रत कळत नाही. ती कळण्यासाठी डब्यावरील ‘ए.पी.आय.’ या शब्दापुढील अक्षरे पाहावीत. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची वर्गवारी होय. डिझेल इंजिनाच्या ऑइलची खूण ‘सी’ या अक्षराने आणि पेट्रोल इंजिनाच्या ऑइलची खूण ‘एस’ या अक्षराने सुरू होते. डिझेल ऑइलमध्ये सी.एफ.-४ ही प्रत १९९० मध्ये, सी.एच.-४ ही १९९८ मध्ये, सी.आय.-४ ही २००२ मध्ये आणि सी.के.-४ ही २०१६ च्या अखेरीस आली. प्रत जितकी नवी तितकी काजळी धरून ठेवण्याची व झीज रोखण्याची कसोटी कडक, असे स्थूल मानाने म्हणता येईल.

पुस्तिकेत सी.एफ.-४ सांगितले असता सी.एच.-४ किंवा सी.आय.-४ ऑइल घालण्यास सामान्यतः अडचण नसते; मात्र सी.आय.-४ सांगितले असता सी.एफ.-४ घालू नये. सी.के.-४ बरोबरच आलेली एफ.ए.-४ ही प्रत ठराविक नव्या इंजिनांसाठी बनविलेले पातळ ऑइल आहे. पुस्तिकेत तिचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती घेऊ नये. त्याचप्रमाणे मोटारसायकलचे ऑइल घरात शिल्लक आहे म्हणून ते ट्रॅक्टरमध्ये ओतणे हितावह नाही. दोहोंवरील अंक सारखे असले तरी काजळी पेलण्याची त्यांची शक्ती सारखी नसते.

काळ्या रंगाविषयी गैरसमज

नवे ऑइल घातल्यावर थोड्याच तासांत ते काळे पडले की, ते बनावट असावे असा संशय घेतला जातो. वस्तुतः डिझेल इंजिनात ऑइल काळे पडणे हे ते काम करीत असल्याचे लक्षण आहे. काजळी रिंगांवर व नळ्यांत साचण्याऐवजी ऑइलमध्ये तरंगत राहते, म्हणून ते काळे दिसते. बोटांवर घासून पाहण्यानेही ऑइलचे आयुष्य कळत नाही.

पुढील तीन लक्षणे दिसल्यास मात्र इंजिन चालू ठेवू नये. ऑइल दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचे झाल्यास त्यात पाणी शिरले असे समजावे. पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास येत असल्यास डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे असे मानावे. इंजिन चालू असताना ऑइलच्या दाबाचा दिवा लागल्यास इंजिन तात्काळ बंद करावे.

हायड्रॉलिक ऑइलची निवड

येथे चूक होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो, कारण सर्व लहान ट्रॅक्टर एका धाटणीचे नसतात. काही ट्रॅक्टरांत गिअर, मागील आस व हायड्रॉलिक लिफ्ट यांना एकाच पेटीतील ऑइल पुरविले जाते. ब्रेकही त्याच ऑइलात बुडालेले असतात. इतर काही ट्रॅक्टरांत गिअर बॉक्सचे ऑइल वेगळे, हायड्रॉलिकचे वेगळे आणि ब्रेक कोरडे असतात. आपला ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे, हे पुस्तिकेवरून किंवा विक्रेत्याकडून आधी निश्चित करून घ्यावे.

एकच पेटी असलेल्या ट्रॅक्टरसाठी ‘यू.टी.टी.ओ.’ नावाने ओळखले जाणारे ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल असते. गिअरच्या दातांवरील भार पेलणे, पंपाला सहज पुरवठा होईल इतके प्रवाही राहणे आणि ऑइलात बुडालेल्या ब्रेकची पकड योग्य राखणे ही तिन्ही कामे त्याला करावी लागतात. त्याऐवजी गिअरचे दाट ९० नंबर ऑइल घातल्यास पंपाला ते ओढता येत नाही. पंप कुरकुरतो व लिफ्ट मंदावते. त्याऐवजी इंजिन ऑइल घातल्यास लिफ्ट चालते, त्यामुळे सर्व ठीक आहे असा भास होतो. परंतु ब्रेक घसरू लागतात, आवाज करतात किंवा एकदम धरतात. औंढा व कळमनुरी भागांतील उताराच्या रस्त्यावरून भरलेली ट्रॉली आणताना अशा ब्रेकचा भरवसा धरता येत नाही. तेथे पैशाबरोबर माणसाचा जीवही धोक्यात येतो.

स्वतंत्र हायड्रॉलिक पेटी असलेल्या ट्रॅक्टरसाठी पुस्तिकेत बहुधा आय.एस.ओ. व्ही.जी. ४६ किंवा ६८ असा वर्ग दिलेला असतो. हा अंक ४० अंश सेल्सिअस तापमानाचा दाटपणा दर्शवितो. येथील ६८ हा अंक इंजिन ऑइलच्या ४० या अंकाशी ताडून पाहू नये, कारण दोन्ही मापे निरनिराळी आहेत. काही उत्पादक पुस्तिकेत स्वतःच्या नावाच्या ऑइलची शिफारस करतात. ते न मिळाल्यास दुसऱ्या ऑइलच्या डब्यावर त्या उत्पादकाच्या मानकाचा क्रमांक छापला आहे काय, ते पाहावे.

नुसत्या नावावर विसंबू नये

डब्यावरील ओळखीचे नाव फसवे ठरल्याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. जॉन डिअर कंपनीचे ‘३०३’ या क्रमांकाचे ट्रॅक्टर ऑइल तेथे नावाजलेले होते. त्यात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल वापरीत असत. १९७० नंतर त्या देवमाशास कायद्याचे संरक्षण मिळाले आणि कंपनीने ते मानक मागे घेऊन नवे मानक आणले. तरीही पुढे अनेक दशके इतर विक्रेते स्वस्त ऑइल ‘३०३’ याच नावाने विकत राहिले. त्या नावामागे तपासणीचे कोणतेही चालू मानक नव्हते. अखेर मिझुरी राज्याच्या कृषी खात्याने अशा ऑइलच्या विक्रीवर बंदी घातली. क्रमांक जुना व परिचित असला तरी तो आजच्या मानकाचा असेलच असे नाही, हा बोध आपल्याकडेही उपयोगी पडण्यासारखा आहे.

यास्तव ऑइल सुटे घेऊ नये. डब्याचे सील, तयार केल्याचा महिना व बॅच क्रमांक पाहून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. पुढे तक्रार करण्याची वेळ आल्यास पावती व रिकामा डबा हाच पुरावा असतो.

ऑइल केव्हा बदलावे

ट्रॅक्टरचे काम किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते तासांत मोजतात. नव्या ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल पहिल्यांदा साधारणतः ५० तासांनी बदलण्यास सांगितलेले असते, कारण नव्या भागांची घासणी होऊन धातूचे सूक्ष्म कण त्यात उतरतात. पुढील मुदत बहुतेक ट्रॅक्टरांसाठी २०० ते २५० तासांची असते. आपल्या ट्रॅक्टरची नेमकी मुदत पुस्तिकेत पाहावी. हंगामात रोज सहा तास काम चालल्यास २५० तास सुमारे ४२ दिवसांतच भरतात. ‘वर्षातून एकदा दिवाळीला ऑइल’ हा रिवाज म्हणूनच अपुरा पडतो. याउलट ट्रॅक्टर कमी चालला तरी वर्षातून एकदा ऑइल बदलणे इष्ट आहे.

पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक अधिक असे व त्यापासून होणारे आम्ल ऑइल लवकर निकामी करी. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ प्रतीचे डिझेल मिळू लागले असून त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांहून अधिक नसते. त्यामुळे ऑइलवरील आम्लाचा भार हलका झाला आहे. परंतु काजळी व धूळ पूर्वीइतकीच राहिली आहे. सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि उन्हाळी नांगरटीची बारीक माती एअर क्लीनरमधून आत गेली तर उत्तम ऑइलही टिकत नाही. म्हणून अशा कामांच्या काळात एअर क्लीनर रोज पाहावा. इंजिन ऑइलबरोबर ऑइल फिल्टरही नवा बसवावा. जुन्या फिल्टरमध्ये राहिलेले घाणेरडे ऑइल नव्यात मिसळते आणि केलेला खर्च काही अंशी वाया जातो.

हायड्रॉलिक व गिअर पेटीतील ऑइलची मुदत पुष्कळ लांब असते. त्याचे प्रमाणही इंजिन ऑइलच्या कितीतरी पट असल्याने ते बदलण्याचा कंटाळा केला जातो. परंतु पावसाळ्यात पाण्यातून ट्रॅक्टर काढणे, झाकण सैल राहणे आणि गाडी धुताना पाण्याचा फवारा मारणे यांमुळे त्यात पाणी शिरते. दुधाळ झालेले ऑइल मुदत भरण्याची वाट न पाहता बदलावे.

हायड्रॉलिक ट्रॉलीचा प्रश्न वेगळा आहे. एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरांना जोडली म्हणजे एका ट्रॅक्टरचे ऑइल व त्यातील घाण दुसऱ्यात जाते. जोडणीची टोके दर वेळी स्वच्छ फडक्याने पुसावीत, काम संपल्यावर त्यांवर टोपणे लावावीत आणि ट्रॉली खाली आणल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

पातळी पाहण्याची रीत व सावधगिरी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे, लिफ्ट खाली सोडावी आणि ऑइल तळाशी उतरण्यास काही मिनिटे द्यावीत. पट्टी पुसून पुन्हा घालावी व पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे याची खात्री करावी. वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरल्यास इंजिनात फेस होतो व सीलमधून गळती सुरू होते. हायड्रॉलिक ऑइल कमी असल्यास उतारावर पंप हवा ओढतो आणि औजार धक्के देत वर जाते.

उचललेल्या औजाराखाली कधीही शिरू नये. दाबाखालील नळीची गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. बारीक छिद्रातून दाबाने उडणारे ऑइल कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे.

काढलेले जळके ऑइल विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे देण्याची व्यवस्था सर्व्हिस केंद्रामार्फत करावी.

सामाईक ट्रॅक्टर व नोंदवही

राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर मिळाले आहेत. काही ठिकाणी भाऊबंद मिळून ट्रॅक्टर घेतात. चालविणारे अनेक असले की ऑइल पाहणारा कोणीच नाही, अशी स्थिती होण्याचा धोका असतो. ट्रॅक्टर सर्वांचा, आणि नुकसानही सर्वांचे.

यावर साधा उपाय म्हणजे एक वही. तीत तारीख, तासमापकावरील आकडा, घातलेल्या ऑइलचे अंक व अक्षरे, प्रमाण आणि ते काम करणाऱ्याची सही एवढी नोंद ठेवावी. पुढील बदल किती तासांवर करावयाचा, तो आकडा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे नव्या चालकासही तो दिसेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मेच्या अखेरीस, मृगापूर्वी, आपल्या गावातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र बोलावावे आणि प्रत्येकाची पुस्तिका व ऑइलचा डबा समोरासमोर ठेवून अंक व अक्षरे जुळतात की नाही ते पाहावे. ज्यांची पुस्तिका हरवली असेल त्यांनी ट्रॅक्टरचे नाव व मॉडेल सांगून विक्रेत्याकडून योग्य ऑइलची माहिती लेखी मिळवावी.

एवढी तपासणी एका सकाळीत उरकते. ती केलेली असली म्हणजे पहिला पाऊस होऊन वाफसा येईल त्या दिवशी ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात न दिसता शेतात दिसेल.